पान चौतीस

नळबाजारात मोइझच्या रद्दीत
शाळेचे जुने नकाशासंग्रह आले की तो मला मिस्ड कॉल देतो.
दोनदा वाजला तर मराठी, तीनदा वाजला तर इंग्रजी.
मी काय शोधतो ते कळल्यापासून
किलोचा भाव तो मला लावत नाही.

शोधतो काय, तर मोडीत निघालेले रंग.
मुंबई इलाखा गुलाबी, त्यात कराचीसुद्धा गुलाबी,
मधेमधे संस्थानं, अंगावर देवी उठल्यासारखी पिवळी.
आणि समुद्रात कसरीनं कुरतडून काढलेली बेटं
जी कुठल्याच राज्याची कधी नव्हती.

पान सुटं करताना ब्लेड शिवणीला समांतर लागतं.
ते मी शिकून घेतलं.
अख्खा संग्रह पाचशेला कुणी विचारत नाही,
सुटं पान मात्र काच लावली की दोन हजारांना जातं.
पेन्शनीत न बसलेलं बरंच काही
मी आशियातून भागवलं आहे.
बायकोच्या मोतीबिंदूला अख्खी दक्षिण अमेरिका लागली.

मार्चात कपाट आवरताना हे पान सापडलं.
चौतीस, अरबी समुद्र,
कोपरा फाटका म्हणून न खपलेलं.
भिंगाखाली धरलं तर पेन्सिलीची रेघ
माझगावच्या गोदीतून निघालेली,
पट्टीनं नव्हे, हातानं ओढलेली,
लाटेच्या कलानं जराजरा हललेली.
रेघेवर फुल्या, फुलीपाशी मुंगीएवढी अक्षरं:
सोमवार. बाबा इथे असतील.
गुरुवार. इथे.
शनिवार. आई म्हणते घाई करू नको, बोट अजून इथेच.

मागच्या बाजूला नाव.
कु. द्वारका र. तांडेल, यत्ता सहावी.

विषुववृत्ताच्या थोडं अलीकडे
रेघ पानाच्या कडेला येऊन टेकते.
तिथं बारीक टायपात छापलंय:
पुढे पान ३५ पाहा.

पस्तीस मी विकलं होतं.
वांद्र्याच्या एका कॅफेला, पूर्व आफ्रिका, चॉकलेटी फ्रेमसकट.
विकण्याआधी मी रबर घेऊन बसतो,
गिऱ्हाइकाला समुद्र स्वच्छ लागतो.
त्या पानावर बसलो होतो का?
आठवेना.

गेलो. दोन बस बदलून गेलो.
नकाशाखालच्या टेबलावर एक मुलगा
कानात बोंडं घालून कुणाशी तरी भांडत होता.
त्याच्या डोक्यावरून वाकलो तेव्हा
तो थांबला, सरकून बसला, पुन्हा भांडू लागला.

फ्रेमवाल्यानं कडेला पांढरा पुठ्ठा चढवलेला,
समुद्र अर्धा इंच त्याच्याखाली.
पुठ्ठ्याला लागून एक फुली, अर्धीच.
रविवार. बा
पुढची अक्षरं पुठ्ठ्याखाली असतील, किंवा नसतील.
आणि फुलीपासून झांझिबारपर्यंत
कागद जरा उजळ, तंतू उठलेले,
बोटभर रुंद पट्टा.
माझा हात मी ओळखतो.

काका, बसणार की नुसते बघताय, वेटरनं विचारलं.
बसलो. चहा दोनशे चाळीस.
फ्रेम परत विकत देता का म्हणून मॅनेजरला विचारलं,
तो हसून म्हणाला, ती इंटिरियरमध्ये मोजलीय.
माझगाव कुठं आहे ते त्याला माहीत होतं.
त्याची आजी तिथलीच म्हणे, आडनाव वेगळं.

चौतीस आता विकायचं नाही.
बाकीचं चालू आहे; मोइझचा फोन
परवाही दोनदा वाजला, मी गेलो, दोन संग्रह आणले.
फक्त रबर वेगळं काढून
औषधांच्या डबीत ठेवलंय.
त्याच्या एका कोपऱ्याला शिशाचा करडा डाग आहे,
किती जणांच्या समुद्रांचा, सांगता येत नाही.